सड्यावरची शिरगणती

जीप खालीच राहिली, काजूच्या शेवटच्या झाडापाशी.
पुढे रस्ता नाही,
गुरांच्या खुरांनी जांभ्यात घासून काढलेली
एक फिकट रेघ आहे.

पिशवीत फॉर्म, शाईचा ठोकळा, दोन पेनं
आणि पाण्याची बाटली,
ती पहिल्याच चढावर संपली.

सव्वीस वर्षं मी मडगावात भूगोल शिकवला.
समुद्र पश्चिमेला, घाट पूर्वेला,
पाऊस एकशेवीस इंच, मुलांनो, अधोरेखित करा.
हा सडा त्या धड्यात नव्हता.
इथेही एकशेवीस इंचच पडतात,
पण दगड ते आपल्याजवळ ठेवत नाही,
आतल्या आत नेऊन सोडतो
खालच्या गावात, दुसऱ्याच कुणाच्या माडांच्या मुळाशी.
मार्गशीर्षात शेवाळ काळं पडून सुटतं.
शिमग्यानंतर कुत्रीसुद्धा
सावली बघून पाय टाकतात.

पहिलं घर. धाकू झिलू वरक.
वय?
"बापाची तांबडी पाडी वाघानं नेली, त्या सालचा."
मी लिहिलं, एकसष्ट.
धंदा? शेती लिहू?
"पयलं कुमेर होतं. नाचणी, वरी.
मग फॉरेस्टनं लाल खुंट ठोकले.
आता खुंट राखतो म्हणून लिवा."
आणि हसला. दात तीन.
दातांना रकाना नाही.

शेवटचं घर भागी झोरेचं.
नकाशाप्रमाणे तिची चूल केपे तालुक्यात
आणि गोठा सांग्यात.
हद्द जाते अंगणातून,
दोरीवर वाळत घातलेल्या घोंगडीच्या बरोबर खालून.
पिण्याचं पाणी घरात, आवारात, की लांब?
"जाताना लांब," ती म्हणाली,
"येताना त्याहून लांब."

टँकर येतो ना?
"केप्याचा म्हणतो, वळायला जागा सांग्यात आहे.
सांग्याचा म्हणतो, गोठ्यात माणसं राहत नाहीत.
म्हशी पाणी पितात केप्यात, दूध देतात सांग्यात.
डेअरीवाल्याला अजून कळलं नाही,
तुम्ही सांगू नका."

मग तिनं तांब्या पुढे केला.
पाण्यावर कुड्याचं एक पांढरं फूल पडलं होतं,
ते तिनं करंगळीनं बाजूला केलं.
मला घोट मोजता येईनात, आणि थांबताही येईना.
तांब्या रिकामा झाल्यावर
तिनं तो हंड्याजवळ उपडा ठेवला,
हंड्यात डोकावून न बघता.

"रात्री कुठं झोपता?"
नियमात तसं आहे,
जिथं झोप, तिथला माणूस.
"या दिवसांत? अंगणात."
खाट मी मघाच पाहिली होती.
दोन पाय इकडे, दोन पाय तिकडे.
माझं पेन हवेत.
ती उठली, पदर खोचला,
खाट दीड हात डावीकडे ओढली.
जांभ्यावर पायांचा कर्र आवाज झाला.
"लिवा आता. केपे."
मी लिहिलं.
"पण पोरगा येईल चिऱ्यांच्या खाणीवरनं,
तवा परत सरकवीन.
तिकडं वारा लागतो."

उतरताना ऊन कलंडलं होतं.
पाच घरं, एकोणीस माणसं,
त्यांतली चार चिरेखाणीवर, एक बांबोळीच्या इस्पितळात,
बाकीची हजर.
बेरीज मी चालता चालता दोनदा केली
आणि दोन्ही वेळा एक माणूस जास्त आलं.
तिसऱ्यांदा करत होतो,
तेवढ्यात एक टिटवी डोक्यावर येऊन कोसळली,
पुन्हा वर गेली, पुन्हा कोसळली.

एक पाय उचललेला, तसाच थांबलो.
खाली बघितलं तर नुसते खडे.
मग खड्यांतले चार खडे
हळूहळू अंडी झाली,
ठिपक्यांची, मातकट,
माझ्या चपलेपासून वीतभर.

तोल सावरत कितीतरी वेळ उभा होतो.
ती ओरडत होती.
कुठल्या तालुक्यात, ते मला
खरंच सांगता यायचं नाही.